सुटा गळा, सुटी वाद्ये : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात या सदरात जुन्या इंग्रजी पॉप गाण्यांचे सुटे ट्रॅक ऐकण्याविषयी लिहिले होते. स्टुडिओत गाणे मुद्रित होताना गळा, गिटार, बेस, ड्रम आणि मागचे गाणारे आवाज टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजेच ट्रॅकवर, नोंदवले जातात. त्यांपैकी एकच पट्टी चालू ठेवून बाकीच्या बंद केल्या तर कानाला काय लाभते, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. पुष्कळ पत्रांतील शंका सारख्याच असल्यामुळे त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यातला नुसता गळा आज ऐकायला मिळतो, हे मला पटत नाही. त्या काळी सगळेजण एकत्र बसून एकदमच गात-वाजवत असत ना? मग गळा वेगळा कोठून काढला? (निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण फार काळापर्यंत आपण म्हणता तसेच होत असे. एका खोलीत सर्वांनी एकदम गायचे-वाजवायचे आणि जे उमटेल ते एकाच पट्टीवर उतरवायचे, हीच रीत होती. ती मोडण्यात अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांचा मोठा वाटा आहे. आपल्याच वादनावर पुन्हा आपलेच वादन चढवण्याचे प्रयोग ते १९५० च्या आधीपासून करत होते, आणि १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्यांना आठ पट्ट्यांचे टेपयंत्र बनवून दिले. आधी मुद्रित केलेली पट्टी कानात ऐकत ऐकत, तिच्या तालाशी अचूक जुळवून, शेजारच्या पट्टीवर नवे काही मुद्रित करता येणे हा त्या यंत्राचा खरा गुण होता. गळा सुटा मिळण्याची सोय तेथे झाली.

इंग्लंडमध्ये हे बरेच सावकाश घडले. बीटल्सच्या पहिल्या लाँगप्ले तबकडीतील दहा गाणी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली, आणि ती केवळ दोन पट्ट्यांच्या यंत्रावर. एका पट्टीवर वाद्ये आणि दुसरीवर गळे अशी ती विभागणी होती. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना दोन्ही नंतर योग्य प्रमाणात मिसळून मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी) तबकडी काढायची होती, त्यासाठी केलेली ही सोय होती. पण त्याच तबकडीची स्टिरिओ आवृत्ती काढताना त्या दोन पट्ट्या बहुतांशी दोन बाजूंना तशाच ठेवल्या गेल्या. त्यामुळे आपली शंका आपल्याला घरबसल्या दूर करता येईल. त्या तबकडीतील 'ट्विस्ट अँड शाउट' हे शेवटचे गाणे मूळ अल्बममधून लावावे, दोन्ही कानांत हेडफोन घालून थोडे ऐकावे आणि मग एक बाजू काढून ठेवावी. एका कानात केवळ वाद्ये आणि दुसऱ्या कानात केवळ गळे ऐकू येतील. मात्र २०२३ मध्ये नव्याने निघालेल्या संकलनातील आवृत्ती घेऊ नये, कारण तिच्यात गळे मध्यभागी आणलेले आहेत. आपल्या फोनमध्ये मोनो ध्वनीची सोय चालू असेल तर तीही आधी बंद करावी.

गळ्यांची बाजू ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. त्या बाजूला ड्रमही ऐकू येतात, पण ते दुरून, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखे येतात. सगळे एकाच दालनात असल्यामुळे गायकाच्या माइकमध्ये ड्रम शिरले आहेत. ही गळती हेच खऱ्या ट्रॅकचे पहिले लक्षण आहे, आणि ते लक्षात ठेवावे. पुढे एका उत्तरात त्याचा उपयोग होणार आहे. शिवाय त्या दिवशी हे गाणे गाणारे बीटल्सचे जॉन लेनन यांना सर्दी झाली होती, घसा दुखत होता, आणि त्यांचा आवाज टिकणार नाही म्हणूनच हे गाणे शेवटी ठेवले होते. पहिल्याच खेपेला जे साधले तेच तबकडीत आले. दुसऱ्या खेपेपर्यंत आवाज राहिलाच नाही. पूर्ण गाण्यात जो उत्साह वाटतो, तो सुट्या गळ्यात घसा खरवडून काढलेला ऐकू येतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या स्टुडिओत चार पट्ट्या आल्या, १९६८ मध्ये आठ, आणि १९७० च्या दशकात मोठ्या स्टुडिओंत चोवीस पट्ट्या रूढ झाल्या. चार पट्ट्यांच्या काळातील गाण्यांविषयी एक अडचण समजून घ्यावी लागते. चारही पट्ट्या भरल्या की त्यांचे मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवत आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचे काम करत. म्हणून १९६६-६७ च्या गाण्यांत पुष्कळदा ड्रम, बेस आणि गिटार एकमेकांना चिकटलेले मिळतात. मिश्रणाआधीच्या टेपा जपलेल्या असतील तर ते सुटे करता येतात, आणि बीटल्सच्या बाबतीत त्या जपल्या गेल्या हे आपले भाग्य.

प्रश्न : मी घरी मुलींना शास्त्रीय गायन शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीने मार्विन गे या गायकाचा नुसता गळा ऐकवला. आवाज ताणलेला, काही ठिकाणी चिरकलेला वाटला आणि गंधार तर मला सरळसरळ उतरलेला वाटला. इतक्या नावाजलेल्या गायकाचे हे असे कसे? की वाद्यांच्या गर्दीत सगळेच खपून जाते? (संगीत शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : बाई, आपल्या कानाने जे टिपले ते अगदी बरोबर टिपले आहे. त्याचा अर्थ मात्र मी वेगळा लावीन.

आपल्या विद्यार्थिनीने ऐकवलेले गाणे बहुधा 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' असावे, कारण मार्विन गे यांच्या सुट्या गळ्यांत तेच सर्वांत अधिक फिरते. ते डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६७ मध्ये मुद्रित झाले आणि पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. निर्माते नॉर्मन व्हिटफील्ड यांनी त्याचा सूर मुद्दाम गायकाच्या सोयीच्या सुरापेक्षा वर ठेवला होता. आपले माणूस आपल्याला फसवते आहे हे लोकांच्या तोंडून कळलेल्या माणसाचे ते गाणे आहे. ते आरामात गाता आले असते तर त्यातला पीळच गेला असता. म्हणजे आपण ऐकलेला ताण हा निर्मात्याने मागितलेला आणि गायकाने पूर्ण भानावर राहून दिलेला ताण आहे. वाद्यांसकट ऐकताना तो दुःख म्हणून पोहोचतो. एकटा ऐकताना तो घशात कोठे तयार होतो, हेही कळते.

आता गंधाराविषयी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज परंपरेत तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत घेतला जातो, आणि पुष्कळदा तो एका जागी स्थिरही राहत नाही, खालून वर सरकतो. पियानोवर त्याला पट्टी नाही. मागे पियानो आणि ऑर्गन आपल्या ठरलेल्या पट्ट्या धरून वाजत असताना गळा त्या मधल्या जागेत फिरतो, आणि त्या घर्षणातूनच त्या संगीताची चव येते. वाद्ये काढून टाकली की घर्षण संपते आणि उतरलेला स्वर तेवढा उरतो. श्रुतींचा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोणत्या रागात कोणता गंधार किती खाली ठेवायचा यावर आपल्याकडे उभी आयुष्ये गेली आहेत.

येथे मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. सुटा ट्रॅक हा एकट्याने ऐकण्यासाठी कधीच केलेला नसतो. ख्यालाच्या मैफलीतील साथीची संवादिनी वेगळी काढून ऐकली, तर ती अर्धवट, मागे रेंगाळणारी, मध्येच गप्प होणारी वाटेल. पण गायकाच्या मागे ती तशीच असणे हेच तिच्या वादकाचे कौशल्य आहे. स्टुडिओतील प्रत्येक ट्रॅकचे असेच आहे. त्यावरून गायकाला गुण देण्यापेक्षा, त्याने कोठे श्वास घेतला, कोणता शब्द किंचित उशिरा टाकला, कोठे आवाज बारीक करून वाद्यांना वाट दिली, हे त्याचे निर्णय ऐकावेत. आपल्या विद्यार्थिनींना याचा नक्की उपयोग होईल, कारण श्वास कोठे घ्यावा ही अडचण सर्वच संगीतांत सारखी आहे.

आपण चिरकलेल्या आवाजाविषयी लिहिले आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. रोलिंग स्टोन्स यांच्या १९६९ मधील 'गिमी शेल्टर' या गाण्यात मेरी क्लेटन या गायिकेचा आवाज आहे. लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा त्यांना घरून बोलावून घेण्यात आले. त्या गरोदर होत्या, रात्रीच्या कपड्यांतच स्टुडिओत आल्या आणि थोड्या वेळात आपले काम आटोपून घरी गेल्या. गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास वरच्या स्वरावर त्यांचा आवाज फाटतो, आणि लगेच मागून मिक जॅगर यांचा आश्चर्याने निघालेला उद्गार ऐकू येतो. पूर्ण गाण्यातही तो आहे, पण सुट्या गळ्यात तो लख्ख ऐकू येतो. त्या फाटलेल्या स्वराऐवजी दुसरा स्वच्छ स्वर घेणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही, आणि म्हणूनच ते गाणे आजही अंगावर काटा आणते.

मायकेल जॅक्सन गाताना पायाने ठेका धरत आणि चुटक्या वाजवत. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी ते आवाज पुसून टाकले नाहीत, तर गाण्याचाच भाग म्हणून राहू दिले. अंगात ताल असल्याशिवाय गळ्यात ताल येत नाही, हे मुलींना सांगायचे असेल तर त्या सुट्या गळ्याइतका चांगला पुरावा नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि बेस गिटार शिकतो आहे. बेसचे सुटे ट्रॅक ऐकताना नेमके काय ऐकायचे ते कळत नाही. फोनवर तर काहीच ऐकू येत नाही. (विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : फोनचा नाद आधी सोडा. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा इवलासा स्पीकर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यातून तुला येतात ते त्या स्वराचे वरचे अंश तेवढे. कानावर पूर्ण बसणारा वायरचा हेडफोन घे. तो महागडा असण्याची मुळीच गरज नाही. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन-तीन कानाला लावून पाहा आणि ज्यात बेस फुगून न येता स्वर म्हणून ओळखू येतो, तो घे.

ऐकायला सुरुवात जेम्स जेमरसन यांच्यापासून कर. मोटाउनच्या १९६० च्या दशकातील असंख्य गाण्यांत बेस त्यांचा आहे, पण १९७१ मध्ये मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम येईपर्यंत त्या कंपनीच्या तबकड्यांवर या वादकांची नावेसुद्धा छापली जात नसत. लाखो घरांत ज्यांची बोटे वाजली त्या माणसांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. सुट्या ट्रॅकमुळे त्यांच्या कामाकडे लोकांचे लक्ष वळले, हा या सगळ्या छंदाचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ आहे.

जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत. तारा ते सहसा बदलत नसत, आणि जुन्या तारांचा तो बोथट, लाकडी आवाज त्यांना हवा असे. ब्रिजच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या) झाकणाखाली स्पंजचा तुकडा असल्यामुळे स्वर लांबत नसे, उमटला की लगेच मिटत असे. तुझ्या नव्या कोऱ्या तारांवर तो आवाज का येत नाही, याचे उत्तर यातच आहे. त्यांचा ट्रॅक ऐकताना प्रथम स्वर मोजू नकोस, स्वरांमधल्या मोकळ्या जागा ऐक. समेवर स्वर ठेवल्यानंतर पुढच्या स्वराकडे जाताना ते मधल्या अर्ध्या स्वरांवरून कसे चालत जातात आणि गळा गप्प झाला की कसे पुढे सरसावतात, हे दोन-चार आवर्तनांत तुझ्या लक्षात येईल. मग पूर्ण गाणे लाव आणि तोच बेस कानाने धरून ठेवण्याचा प्रयत्न कर. सुटा ट्रॅक ऐकण्याचा खरा सराव हाच आहे.

प्रश्न : माझी मुलगी म्हणते की 'स्टेइंग अलाइव्ह' या गाण्यात ड्रम माणसाने वाजवलेलेच नाहीत, यंत्राने वाजवले आहेत. १९७७ मध्ये असे यंत्र होते का? (गृहिणी, औंध)

उत्तर : मुलीचे म्हणणे निम्मे खरे आहे. ड्रम माणसानेच वाजवले आहेत, पण या गाण्यासाठी नाहीत. फ्रान्समधील एका जुन्या वाड्यातील स्टुडिओत बी जीज यांचे काम चालू असताना त्यांचे ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरच्या आजारपणामुळे निघून जावे लागले. तेव्हा त्यांनीच आधी 'नाइट फीव्हर' या गाण्यासाठी वाजवलेले दोन बार (तालाची दोन आवर्तने) टेपवरून कापून त्या तुकड्याची टोके जोडली आणि ती माळ यंत्रावर गोल गोल फिरवत ठेवली. सुटा ड्रमचा ट्रॅक ऐकला की तेच दोन बार पुन्हा पुन्हा, केसाचाही फरक न होता येत राहतात, हे स्पष्ट कळते. तबकडीवर ड्रमवादक म्हणून बर्नार्ड लूप असे एका काल्पनिक माणसाचे नाव छापले गेले.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कराओके मंडळात आम्ही जुनी हिंदी आणि मराठी गाणी गातो. आता संगणकावर गाण्यातून गळा काढून टाकता येतो असे ऐकले. जुन्या गाण्यांचे मूळ सुटे ट्रॅक कोठे मिळतील? आणि नाही मिळाले तर संगणकाने केलेले चालतील का? (मंडळाचे कार्यवाह, सहकारनगर)

उत्तर : मूळ सुटे ट्रॅक बहुतेक गाण्यांचे मिळणार नाहीत, कारण ते कधी अस्तित्वातच नव्हते. पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये गीतरामायण प्रसारित होऊ लागले तेव्हा गायक आणि वादक एकत्रच गात-वाजवत, आणि हिंदी चित्रपटांची गाणीही १९७० च्या दशकापर्यंत बहुतांशी गायक आणि मोठा वाद्यवृंद यांच्याकडून एकाच वेळी घेतली जात. गायक एका कोपऱ्यातील छोट्या खोलीत, वादक मोठ्या दालनात, आणि एक व्हायोलिन चुकले तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ध्वनिमुद्रक सर्व माइकचा तोल त्या क्षणीच साधत असे. त्या पद्धतीने जो जिवंतपणा दिला तो आपण सर्वांनी मनसोक्त उपभोगला आहे. पण त्यामुळे नंतर वेगळे काढायला काही उरले नाही.

म्हणून आज जुन्या हिंदी गाण्याचा 'नुसता गळा' किंवा 'नुसते संगीत' म्हणून जे मिळते, ते जवळजवळ नेहमीच संगणकाने तयार मिश्रणातून उकललेले असते. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली, फेसबुकच्या संशोधकांनी डेमुक्स नावाची प्रणाली केली, आणि आता फोनवरही अशी अॅप आहेत. या प्रणालींना अशी गाणी शिकवलेली असतात ज्यांचे खरे सुटे ट्रॅक उपलब्ध आहेत. मिश्रणात गळा कसा दिसतो, ड्रम कसा दिसतो, हे पाहून पाहून यंत्र अंदाज बांधायला शिकते आणि मग नव्या गाण्यातील प्रत्येक क्षणाचा कोणता अंश कोणाचा, ते ठरवते. या तंत्राने काय साधू शकते याचे मोठे उदाहरण म्हणजे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले बीटल्सचे 'नाऊ अँड देन'. लेनन यांनी घरी कॅसेटवर पियानो वाजवत गायलेले ते गाणे होते. १९९५ मध्ये ते पुरे करण्याचा प्रयत्न झाला, पण पियानोखाली गळा दबत असल्यामुळे सोडून द्यावा लागला. नव्या तंत्राने पियानो बाजूला केल्यावर गळा स्वच्छ मिळाला.

आपल्या गाण्यांचे मात्र इतके सोपे नाही. या क्षेत्रातील संशोधक सर्रास वापरतात तो म्युझडीबी१८ नावाचा संच १५० गाण्यांचा आहे आणि त्यात चारच खाने आहेत : गळा, ड्रम, बेस आणि बाकीचे. तबला, ढोलक, सारंगी, बासरी, संवादिनी यांना त्यात स्वतःची जागा नाही. परिणाम असा होतो की तबल्याचे चाटीवरचे बोल ड्रमच्या खान्यात जातात आणि डग्ग्याची घुमकी पुष्कळदा बेसच्या खान्यात, म्हणजे एकाच वादकाचे दोन हात दोन ठिकाणी. सारंगी आणि एकटे व्हायोलिन गळ्याच्या इतके जवळ चालतात की यंत्र त्यांनाच गळा समजते, आणि गळा काढताना त्यांचाही बळी जातो. गळ्याच्या मागोमाग तोच स्वर धरणारी संवादिनी तर अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे विभागली जाते. आपण असे एखादे गाणे उकलून ऐकाल तर अंतऱ्याआधी सारंगी पाण्याखाली गेल्यासारखी वाटेल, आणि 'स', 'श' यांसारखी अक्षरे गळ्यातून तुटून ड्रमच्या खान्यात खसखसताना ऐकू येतील.

खरा ट्रॅक आणि उकललेला ट्रॅक कसा ओळखावा, असेही आपल्या मंडळातील एकांनी विचारले आहे. पहिल्या उत्तरात सांगितलेली गळती येथे कामी येते. खऱ्या ट्रॅकमध्ये गायक गप्प असतानाही टेपची बारीक खरखर चालू राहते, त्याच्या हेडफोनमधून झिरपणारी वाद्ये, कागद उलटल्याचा किंवा खाकरल्याचा आवाजही कधी कधी येतो. त्यात घुमारा बहुधा नसतो किंवा अगदी कमी असतो, कारण तो शेवटच्या मिश्रणात घालतात. उकललेल्या ट्रॅकमध्ये याच्या उलट आढळते : गायक थांबला की आवाज एकदम विझतो, घुमाऱ्याची शेपटी मध्येच तुटते, आणि वरच्या स्वरांना एक ओलसर थरथर येते.

मंडळात गाण्यासाठी उकललेले संगीत चालेल. त्यातही गळा पूर्ण काढण्याऐवजी तो थोडा मागे ठेवता आला तर तसे करावे, वाद्यांची कमी हानी होते. तरीही जेथे आपल्याकडच्या वादकांनी नव्याने वाजवलेले कराओके ट्रॅक मिळतात तेथे मी तेच सुचवीन. पुण्यात तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांची उणीव नाही आणि त्यांना कामही मिळते. तिकीट लावून सभागृहात कार्यक्रम करायचा असेल तर परवान्याची चौकशी आधी करावी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्याहून वेगळे, त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात.

प्रश्न : एवढी चिरफाड केल्यावर गाण्यातला आनंद राहतो का? आणि ज्याने हे कधीच केले नाही त्याने कोणत्या गाण्यापासून सुरुवात करावी? (ग्रंथपाल, शनिवार पेठ)

उत्तर : माझा अनुभव असा आहे की आनंद वाढतो, मात्र सुटा ट्रॅक ऐकून तेथेच थांबू नये. आधी पूर्ण गाणे, मग एक ट्रॅक, मग लगेच पुन्हा पूर्ण गाणे, हा क्रम मोडू नये. एका बैठकीत एकाच गाण्याचे सगळे ट्रॅक ऐकण्याची घाईही करू नये. कान थकला की सगळेच सारखे वाटू लागते.

पुणेकरांनी फ्रेडी मर्क्युरी यांच्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण ते शाळा शिकले ती पाचगणीत. तेथील सेंट पीटर्स शाळेत त्यांनी पियानोचे धडे घेतले आणि शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये ते वाजवतही. त्यांच्या क्वीन या बँडचे १९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चोवीस पट्ट्यांवर मुद्रित झाले. मधल्या भागातील तो प्रचंड गायकसमूह म्हणजे केवळ तीन गळे आहेत : मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तिघांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन एकमेकांवर चढवली, पट्ट्या भरल्या की मिसळून जागा केली आणि पुन्हा गायले. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली, असे मे यांनी सांगितले आहे. त्या समूहाचा सुटा ट्रॅक ऐकताना वरचा स्वर टेलर यांचा, मधला मर्क्युरी यांचा आणि खालचा मे यांचा, असे ओळखण्याचा प्रयत्न करावा. सुरुवातीला जमणार नाही. हळूहळू तिघे वेगळे होऊ लागतात.

त्यानंतर बीटल्सचे १९६७ मधील 'अ डे इन द लाइफ' घ्यावे. ते मुद्रित होताना मधल्या चोवीस बारांत काय वाजवायचे हे ठरलेच नव्हते. जागा मोकळी ठेवून त्यांचे साहाय्यक मॅल इव्हान्स यांनी मोठ्याने एकपासून चोवीसपर्यंत बार मोजले आणि शेवटी गजराचे घड्याळ वाजवले. पुढे त्या जागी चाळीस वादकांचा वृंद आला, पण इव्हान्स यांचा आकडे मोजणारा आवाज आणि तो गजर पट्टीवरच राहिले. गजरानंतर बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांची जी ओळ येते ती झोपेतून उठण्याचीच असल्यामुळे तो तेथे शोभून दिसला. सुटा ट्रॅक एकदा ऐकला की पूर्ण गाण्यातही वाढत जाणाऱ्या वाद्यांच्या आवाजाखाली ते आकडे ऐकू येऊ लागतात. ज्यांनी हे गाणे अनेक वर्षे ऐकले आहे त्यांनी ते आज रात्री पुन्हा लावावे आणि पहिल्या चढत्या वाद्यवृंदाच्या वेळी डोळे मिटून केवळ तो मोजणारा आवाज शोधावा.